इंगळे मॅडम आणि खाली घेतलेलं पिस्तूल

२२ नोव्हेंबर, रविवार. जेवण झाल्यापासून पिस्तुलाच्या मुठी घासत बसले आहे. क्लबने हवेवर चालणारी नवीन पिस्तुलं आणली, स्पर्धेत वापरतात ती, परवाना न लागणारी. सगळ्यांच्या लाकडी मुठी पुरुषाच्या पंजाच्या मापाच्या. माझं राजापेठेतलं औषधांचं दुकान आज बंद आहे. काउंटरवर जुनं वर्तमानपत्र अंथरलंय, हातात अर्धगोल कानस आहे आणि डोकं तापलेलं आहे. मुठींमुळे नाही. मुठी दरवेळी मोठ्याच येतात. डोकं तापलंय ते कालच्या शोकसभेमुळे.

काल आमच्या शूटिंग क्लबात पुष्पा इंगळे मॅडमची शोकसभा झाली. महिलांच्या बॅचला पिस्तूल शिकवणाऱ्या त्या. फोटोला हार घातला होता. क्लबचे सचिव राऊत साहेब बोलायला उभे राहिले आणि थांबेचनात. "हसतमुख," म्हणाले. "मायेची सावली," म्हणाले. "आपल्या लेकींच्या हाती प्रेमाने पिस्तूल देणारी माउली," म्हणाले. माझ्या शेजारी बसलेली सोनाली हळूच मला म्हणाली, "ताई, हे कोनाबद्दल बोलून राह्यले?"

भाषणाच्या शेवटी साहेबांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. मॅडमच्या स्मृतीसाठी महिलांच्या बॅचला त्यांचं नाव द्यायचं. आणि सोमवारपासून ही बॅच सकाळी सहाऐवजी दुपारी दोनला भरेल. सकाळची वेळ पोलीस भरतीच्या एका अकादमीच्या मुलांना दिली आहे. "भगिनींना दुपारी सवड असते," असं साहेब म्हणाले. टाळ्या वाजल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, दुपारी आमच्यातल्या कोणालाही येता येणार नाही. कोणी दुकानात असतं, कोणी शाळेत शिकवतं, कोणी दवाखान्यात. सकाळची वेळ गेली म्हणजे बॅच गेली."

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना नाही, वेळ मागते आहे मी."

"आज तो विषय नको ना. दुःखाचा प्रसंग आहे."

विषय त्यांनीच काढला होता. असो. मॅडम कशा होत्या ते नीट लिहून ठेवते, नाहीतर वर्षभरात त्या खरंच हसतमुख होऊन जातील.

मॅडम अकोल्याच्या. पोलीस खात्यात हवालदार म्हणून निवृत्त झाल्या आणि अमरावतीला आल्या, कारण नेमबाजीची रेंज इथे होती. राजापेठेच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली होती. शनिवारी दुपारी एसटीने अकोल्याला भावाकडे जायच्या, रविवारी संध्याकाळी परत. बुटक्या, खांद्याने रुंद, सुती साडी घोट्याच्या वर नेसलेली आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. फोन उचलला की "जय भीम, बोला लवकर" म्हणायच्या. रस्त्यात, फोनवर, भाजीवाल्यापुढे त्यांना भयंकर घाई असायची. रेंजवर मात्र घाई करणाऱ्या बाईला त्या उभी सोलायच्या.

मी तिथे पोहोचले मुलीमुळे. तिला शूटिंग शिकायचं होतं, मी तिला स्कूटरवर सोडायला जायची. महिन्याभरात तिचा उत्साह संपला आणि मी मात्र तिथल्या बाकावरून उठेना. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "का वं मेडिकल, नुसती पाहून काय राहिली? उभी राय."

दुकानामुळे त्या मला पहिल्या दिवसापासून मेडिकल म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

मी उभी राहिले. पिस्तूल उचललं, नेम धरला, चाप ओढला. छर्रा कागदाच्या बाहेर, लाकडात. "सॉरी," मी म्हटलं. दुसरा छर्रा भरला, उडवला. तोही तसाच. "सॉरी मॅडम."

"कोनाले सॉरी म्हनून राहिली? भिंतीले?"

मी तिसरा छर्रा भरायला घेतला.

"घरी दूध ठेवून आली काय गॅसवर?"

"नाही."

"मंग उरकून काहून राहिली? भांडे होय काय हे?"

हा त्यांचा पहिला आणि शेवटपर्यंतचा राग. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडची बाई कुठलंही काम करत नाही, उरकते. स्वयंपाक उरकते, आंघोळ उरकते, स्वतःचं जेवण तर उभ्यानेच उरकते. आणि हातात पिस्तूल दिलं की तेही उरकते. हात थरथरतोय, नळीच्या टोकावरची नेमाची माशी हलतेय, श्वास चुकलाय हे तिला दिसत असतं. तरी ती चाप ओढते, कारण एकदा उचललेलं काम अर्धवट ठेवायचं नाही, हे तिच्या अंगात भिनवलेलं असतं. मागे कोणीतरी खोळंबलंय असंच तिला सदा वाटतं.

म्हणून मॅडमचा सगळ्यात मोठा धडा चाप ओढण्याचा नव्हता. तो न ओढता पिस्तूल खाली घेण्याचा होता. उचल, नेम धर, नीट वाटलं नाही तर खाली घे. श्वास घे. पुन्हा उचल. "खाली घे" हे दोन शब्द त्या सकाळभर म्हणत असायच्या, कोणाच्याही कानाशी येऊन. ऐकायला सोपं वाटतं. मला ते जमायला एक उन्हाळा गेला. हात वर गेला की वाटायचं, आता काय खाली घ्यायचं, मारून टाकू. आणि तो छर्रा हमखास वाया जायचा.

निशाणाकडे त्या बघायच्याच नाहीत. आम्ही मारत असताना त्या आमच्या बाजूला उभ्या राहून मनगट बघायच्या, कोपर बघायच्या, जबडा आवळलाय का ते बघायच्या. एकदा शाळेत शिकवणारी एक जण वैतागून म्हणाली, "मॅडम, तुम्ही टार्गेट तरी बघा, मी कुठे मारतेय ते."

"टार्गेट काय पाहू? ते कुठं पळून राह्यलं? पळून तू राह्यली."

नवीन बाई आली की पहिले कित्येक दिवस तिला छर्रा मिळायचा नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, रिकामं पिस्तूल उचलायचं आणि चाप ओढायचा. भिंतीवर काहीच नसल्यामुळे नजर आपोआप पिस्तुलाच्या टोकावरच्या माशीवर येते. चाप ओढताना ती माशी जराही हलली नाही पाहिजे. बोट सरळ मागे आलं पाहिजे, बाजूला नाही. चाप सुटल्यावरही हात तसाच राहिला पाहिजे, जणू काही झालंच नाही. राऊत साहेबांना हे पाहवायचं नाही. "मॅडम, भिंतीकडे तोंड करून उभं करता, शिक्षा दिल्यासारखं वाटतं. लोकांनी सभासद का व्हावं?"

"साहेब, तुमी पाच मिंट उभे राहून पाहा."

साहेब उभे राहिले. मिनिटभरात त्यांचा हात खाली आला आणि त्यांना कोणाचा तरी फोन आला.

मध्यभागी एखादा छर्रा लागला म्हणून कोणी खूश झालं, तर मॅडम ती खुशी जागच्या जागी मारून टाकायच्या. "तो चुकून लागला. दुसरा तिथीच मारून दाखव." सगळे छर्रे कागदाच्या कोपऱ्यात, पण एका जागी लागले असतील, तर मात्र त्या कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहायच्या. "हे बाई एका जागी मारते," म्हणायच्या. "साइट फिरवली का मधी येते." पुढे स्क्रूड्रायव्हरने साइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच, दोन घरं फिरवायच्या, आणि खरंच छर्रे मध्यभागी यायचे. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

मुठींचंही तसंच. सुरुवातीला मला वाटायचं माझा हात लहान आहे. सगळ्याच जणी तसं म्हणायच्या. चापापर्यंत बोट पोहोचायचं नाही, मग पंजा वळवून धरायचा, मग छर्रा डावीकडे जायचा. मॅडमनी एक दिवस मूठ काढली, कानस घेतली आणि माझ्या तळव्याशी लावून लावून घासली. जिथे पोकळी राहिली तिथे लाकडाचा भुसा आणि सरस कालवून भरलं. "हात लहान नाई तुहा. मूठ मोठी हाये," एवढंच म्हणाल्या. पिस्तूल हातात बसलं तेव्हा मला इतका संताप आला की काय सांगू. इतके महिने मी माझ्याच हाताला दोष देत होते.

क्लबच्या लोकांना मॅडम हव्या असायच्या त्या वर्षातून एकदा, आठ मार्चला. एका वर्षी साहेबांनी कार्यक्रम ठरवला. रेंजच्या अर्ध्या अंतरावर गुलाबी फुगे लावायचे, एका मोठ्या पुढाऱ्याच्या पत्नी प्रमुख पाहुण्या, त्यांनी आणि आम्ही साड्या नेसून फुगे फोडायचे, फोटो काढायचे. सकाळी पाहुण्या यायच्या आधी मॅडम आल्या. त्यांनी फुगे पाहिले. पदराची सेफ्टी पिन काढली आणि भिंतीच्या कडेने चालत एकेक फुगा फोडत गेल्या. आम्ही बघत होतो. शेवटचा फुगा फुटला तेव्हा साहेब धावत आत आले.

"मॅडम! हे काय केलं?"

"फुटले नं फुगे? झाला कार्यक्रम. आता कागद लावा, पुऱ्या अंतरावर."

"अहो, त्या पाहुण्या आहेत. त्यांना पूर्ण अंतरावर जमणार आहे का?"

"तुमाले कोन सांगतलं त्याईले जमत नाई म्हनून? त्याईनं सांगतलं?"

पाहुण्या आल्या. जरीची साडी, हातभर हिरवा चुडा. मॅडमनी त्यांना उजव्या हातातल्या बांगड्या काढायला लावल्या. सोबतच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सवाष्ण बाईचा हात रिकामा करायचा! पाहुण्यांनी क्षणभर विचार केला आणि उजव्या हातातल्या सगळ्या बांगड्या डाव्या हातात चढवल्या. मग मॅडमनी त्यांना उभं केलं, पिस्तूल दिलं, आणि बाईंनी उचललं की "खाली घ्या, हात हालून राह्यला". पुन्हा उचललं, पुन्हा "खाली घ्या". फोटोवाला कंटाळून खुर्चीवर बसला. अखेर एक छर्रा सुटला आणि कागदाच्या कडेला लागला. पाहुण्या त्या भोकाकडे बघत राहिल्या. साहेब हार घेऊन पुढे आले तर त्या म्हणाल्या, "थांबा हो जरा. मॅडम, अजून एक देता?"

भाषणं अर्ध्या तासाने सुरू झाली. पुढे त्या बाई काही परत आल्या नाहीत. येऊ दिलं नसेल, असं मॅडम म्हणाल्या. आणि त्या दिवशी दिवसभर त्यांचा पारा चढलेला राहिला.

सोनाली तिवशाची. म्हणजे तिवशाची सून. राजापेठेत एका साड्यांच्या दुकानात कामाला आहे. पहाटेच्या पहिल्या बसने येते, सहा ते आठ रेंजवर असते, तिथेच डबा खाते आणि दहाला दुकानात उभी राहते. आमच्यात सगळ्यात चांगला हात तिचा. सासऱ्यांनी सुरुवातीला अडवलं होतं. दुकान दहाला उघडते तर ही पहाटे कुठे जाते, असं गावात विचारत होते म्हणे. मॅडम एका रविवारी अकोल्याला न जाता मला घेऊन तिवशाला गेल्या. सासरे ओसरीवर बसले होते, माणूस वाईट नव्हता.

"बाई, पिस्तूल शिकून सून काय करनार हाये? आमच्या घरी कोनाचं भांडन नाई, तंटा नाई."

"तुमी कबड्डी भल्ली खेळत होते म्हने."

सासरे एकदम ताठ झाले. "खेळत होतो म्हंजे? चांदूर रेल्वेच्या पोट्ट्याईले इचारा. आतापर्यंत नाव काढते."

"काय केलं मंग त्या कबड्डीचं? कोनाचे तंगडे ओढले घरी?"

आतून सासूबाई मोठ्याने हसल्या. सासरेही हसले, नाइलाजाने. सोनाली दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आली.

आता मॅडमची चूक सांगते, कारण शोकसभेत साहेबांनी तिचा विनोद करून सांगितला आणि सगळे हसले. तो विनोद नव्हता.

रेंजवरच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं. मॅडमच्या लक्षात आलं, की सात वाजले की सगळ्यांचे छर्रे पसरायला लागतात. आधी एका जागी लागणारे हात सातनंतर बिघडतात. कारण सातला घरं उठतात. डबे, चहा, पाणी, शाळेची रिक्षा. बाई इथे उभी असते आणि डोळा घड्याळावर. मॅडमनी खुर्चीवर चढून घड्याळ उतरवलं आणि कपाटात टाकलं. "आठ वाजले का मी सांगीन. तोवर वाजले नाई समजा." आणि खरंच फरक पडला. महिन्याभरात सगळ्यांचे कागद सुधारले. आम्ही निवांत झालो. खाली घ्यायचं तर कितीदाही घ्यायचं.

मग गेल्या वर्षी अकोल्याला विभागीय स्पर्धा झाली. तिथे ठरलेले सगळे छर्रे सव्वा तासात मारायचे असतात. सोनाली काय मारत होती! प्रेक्षकांतले लोक आपसात बोलायचे थांबले होते. शेवटी तिचा एकच छर्रा राहिला, आणि तो बरा लागला असता तर ती राज्य स्पर्धेला जात होती. तिने पिस्तूल उचललं. खाली घेतलं. उचललं. खाली घेतलं. मागून राऊत साहेब ओरडले, "अगं मार ना!" तिथे ओरडायचं नसतं, त्यांना अधिकाऱ्याने गप्प केलं. सोनालीने पुन्हा उचललं, हात स्थिर झाला, आणि थांबण्याचा हुकूम झाला. वेळ संपली होती. शेवटचा छर्रा पिस्तुलातच राहिला. त्याचे गुण शून्य.

ती वेळ बघायला विसरली नव्हती. तिला वेळ बघायची सवयच उरली नव्हती.

बाहेर साहेब सगळ्यांसमोर सुरू झाले. "हेच होतं. लेडीजना प्रेशर झेपत नाही. ऐन वेळी गळाठतात." सोनाली पायरीवर बसली होती, मान खाली. मॅडम आल्या. मला वाटलं आता सोनालीची खैर नाही. मॅडम साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गळाठली नाई ते. मी सांगतलं तेच केलं तिनं. घड्याळ मी काढलं होतं."

"मॅडम, तुम्ही कशाला स्वतःवर..."

"मी चुकलो म्हनून सांगून राह्यलो नं तुमाले! इतकं साधं तुमच्या कानात जात नाई काय?"

रागात आल्या की त्या पुरुषासारखं "राह्यलो" म्हणायच्या, अकोल्याच्या पोलीस लाइनीतली सवय. साहेब बाजूला झाले. मॅडम सोनालीकडे वळल्या. जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. "ऊठ," म्हणाल्या. "शेवटचं खाली घेतलं ते बरोबर होतं. पयले दहा छर्रे मारताना झोपली होती काय? वेळ तिथी गेला. उद्यापासून घड्याळावर मारू."

परतीच्या एसटीत त्या अमरावती येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या. रागावल्या होत्या, पण कोणावर ते या वेळी सगळ्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ भिंतीवर होतं, आणि खाली मॅडम हातात शिट्टी घेऊन उभ्या. आता नवीन शिकवण. घरचं घड्याळ वेगळं आणि रेंजचं वेगळं. घरचं बघायचं नाही, इथलं बघायचं. किती वेळ गेला, किती उरला, किती वेळा खाली घ्यायची चैन परवडते, हे शिकवायला त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. साठीच्या पुढची बाई, स्वतःची पद्धत मोडून. मी माझ्या दुकानात रोज शिकलेली माणसं बघते. औषध चुकीचं घेतलं हे कळल्यावरही तेच मागतात, कारण आधी तेच घेतलं होतं. म्हणून मला ही गोष्ट मायेच्या सावलीपेक्षा मोठी वाटते. साहेबांनी ती काल सांगितली ती अशी: "मॅडम इतक्या भोळ्या, की घड्याळच काढून टाकलं!" हशा.

भोळ्या!

पुन्हा तीच स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. सोनालीचा हात आता घड्याळाशी जुळलेला आहे. तिचा सराव सकाळी सहा ते आठ. दुपारी दोनला ती साड्यांच्या घड्या मोडत असते. साहेबांना हे माहीत आहे, मी त्यांना दोनदा सांगितलं आहे.

दसऱ्यानंतर मॅडम अकोल्याला गेल्या त्या परत आल्या नाहीत; तेव्हापासून रेंजची किल्ली आणि सकाळची बॅच माझ्याकडे आहे. हृदयाचं दुखणं होतं, सांगितलं नव्हतं कोणाला. दोन आठवड्यांपूर्वी मी भेटायला गेले. पहाटेच निघाले, म्हणजे दुपारपर्यंत दुकानावर परत येता येईल. भावाचं घर स्टेशनच्या पलीकडे आहे. मॅडम पुढच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या, पाय सुजलेले, अंगावर भावजयीचा गाऊन. मी औषधांची पिशवी खाली ठेवली.

"तू कशी काय आली?"

"तुम्हाला बघायला."

"किती वाजले?"

"सव्वाआठ."

"म्हंजे सकाळची बॅच सोडून आली? मेडिकल, तुले अक्कल हाये काय? कोन पाहून राह्यलं तिथी?"

"सोनाली बघते आहे, मॅडम. एका दिवसाचं तर आहे."

"सोनालीनं सराव करावा का बाकीच्याईले पाहावं? तिची मॅच कोन खेळन, मी?"

भावजय चहाचा कप घेऊन आली. मॅडम तिला म्हणाल्या, "तिले चहा नको देऊ, पानी दे. साडेआठची गाडी भेटते तिले." मी म्हटलं, पाच मिनिटं बसते. त्या म्हणाल्या, "बसून काय करशीन? माहं दुखनं तू पाहनार हाये काय? डाक्टर पाहून राह्यला." भावजय मला नजरेने सांगत होती, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं नव्हतं. पाणी प्यायले आणि उठले.

त्या दारापर्यंत आल्या. चौकट धरून उभ्या राहिल्या, धाप लागली होती. मी चपला घालत होते तर वरून आवाज आला, "त्या शाळेवालीचं मनगट मोडते. पाह्यजो." मी हो म्हटलं. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तेव्हा दार लोटलेलं होतं. निरोप द्यायला उभं राहणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

एवढंच. मुठी झाल्या आहेत. आता पॉलिश पेपर मारायचा आणि झोपायचं.

२३ नोव्हेंबर. दुकान उघडायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात लिहिते.

आज मी पावणेसहाला रेंज उघडली. रविवारीच सगळ्यांना फोन केले होते, कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. सहाला सगळ्या आपापल्या जागी होत्या. सोनाली पहिल्या लेनला. अकादमीची मुलं त्यांच्या सरांबरोबर आली, मी त्यांना मागच्या बाकांवर बसायला सांगितलं. भली पोरं, बसली. त्यांच्या सरांनी राऊत साहेबांना फोन लावला.

सातच्या सुमारास साहेब आले. नाइट पँटवर स्वेटर, घाईत आलेले. थेट माझ्याकडे निघाले. गोळीबार चालू असताना जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही, हा नियम कुठल्याही रेंजवर असतो.

"साहेब, पट्ट्याच्या मागे."

"ताई, मला दोन मिनिटं बोलायचं आहे."

"रेंज चालू आहे. मागे उभे राहा."

ते थांबले. मुलांसमोर नियम मोडता येईना. बाकावर एका मुलाने त्यांना जागा करून दिली, पण ते बसले नाहीत. सोनालीने पिस्तूल उचललं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. मी शाळेवालीच्या मनगटाजवळ जाऊन उभी राहिले.

आठला मी थांबण्याचा हुकूम दिला. सगळ्यांनी पिस्तुलं रिकामी करून टेबलावर ठेवली, नळ्यांची तोंडं निशाणाकडे. मी एकेक तपासलं. मग साहेबांकडे वळले.

"हां, बोला."

"ताई, हे समितीने ठरवलं आहे. तुम्ही असं..."

"बॅचची वेळ बदलायची तर सभासदांची सभा घ्यावी लागते. आम्हीही सभासद आहोत. सभा बोलवा, आम्ही येतो."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत उद्या सहाला उघडते. या पोरांना आठनंतर पाठवा, मी सफाई करून ठेवते."

त्यांनी फोटोकडे पाहिलं. हार अजून ताजा होता. पुन्हा ते काहीतरी स्मृतीबद्दल बोलणार असं दिसलं, तेव्हा मी झाडू घेतला आणि लेनमधले छर्रे गोळा करायला लागले.